कल्पक, वेगळी, आजच्या काळातली छायाचित्रं तुम्हाला कुठे सापडतात?

ओवी

नमस्कार मंडळी,

मोबाइल उघडला की फोटोच फोटो. पावसाळ्याआधी राजमाचीचे काजवे, सप्टेंबरात कास पठार, हिवाळ्यात भिगवणचे रोहित पक्षी, आषाढात भिजलेला वृद्ध वारकरी. एकेक फोटो देखणा असतो, त्यामागे पहाटे उठण्याचे कष्ट असतात, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या दिवशी त्यातला एकही डोळ्यासमोर येत नाही. काजव्यांचा एक फोटो झाकून दुसरा दाखवला तर फरक सांगता येणार नाही.

अशात एका मैत्रिणीने सँडी स्कोग्लंड या अमेरिकन कलावतीचं १९८१ सालचं एक छायाचित्र दाखवलं. सोनमाशांचा सूड असं काहीसं त्याचं नाव. झोपायची खोली आहे. भिंती, जमीन, पलंग, पांघरूण, कपाट, सगळं निळं. पलंगाच्या कडेला एक मुलगा बसलाय, मागे एक बाई झोपली आहे, आणि खोलीभर केशरी मासे. जमिनीवर, पांघरुणावर, हवेत तरंगणारे. मला वाटलं संगणकावर चिकटवले असतील. पण हे मासे बाईंनी स्वतःच्या हाताने मातीचे घडवले होते. खोली खरोखर उभारली, रंगवली, मासे टांगले, माणसं बसवली आणि मग कॅमेऱ्याची कळ दाबली. त्याआधी १९८० मध्ये त्यांनी करड्या स्वयंपाकघरात हिरव्यागार मांजरांचा असाच एक संसार मांडला होता.

तेव्हापासून हा नाद लागलाय. दिसलं ते टिपणारी नव्हे, मनात आलेलं जगात आणून दाखवणारी छायाचित्रं मला बघायची आहेत. तुम्हाला अशी कामं कुठे भेटतात? कुठलं चित्र मनातून जात नाही? आणि आपल्याकडे कोण करतं असं काम? सविस्तर लिहा, नुसती नावं नकोत.

वाटसरू

वाखू (वाचनखूण) साठवली. प्रतिसाद वाचायला बसलो आहे.

अप्पा_सांगली

ओवीताई, धागा चांगला आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. मी तीस-पस्तीस वर्षं स्टुडिओ चालवला, अंधारखोलीत हात काळे केले. माझ्या मते तुम्ही वर्णन केलेली गोष्ट म्हणजे नेपथ्य आणि शिल्पकला. कॅमेरा तिथे शेवटी येऊन नोंद करून गेला, एवढंच. फोटोग्राफरची खरी परीक्षा समोर चालत्या-बोलत्या आयुष्यात कुठे उभं राहायचं आणि कधी बोट दाबायचं, यात असते. रघू राय यांचे दिल्ली-कलकत्त्याचे जुने फोटो बघा. एका चौकटीत सात गोष्टी घडताहेत आणि एकही मांडलेली नाही. ती कल्पकता नाही का? फोटो सापडावा लागतो, बांधायचा नसतो.

म्हाळसा

अप्पा, आदर ठेवून विचारते, तुमच्या स्टुडिओत पडदा नव्हता का? :)

आमच्या घरी आजी-आजोबांचा लग्नानंतरचा फोटो आहे. मागे रंगवलेला जिना, कमान, बागेतलं कारंजं. आजोबांच्या मनगटावर घड्याळ आहे, ते स्टुडिओवाल्याचं! जत्रेत पुठ्ठ्याच्या चंद्रावर बसून, विमानाच्या खिडकीतून तोंड काढून आपल्या किती पिढ्यांनी फोटो काढून घेतले. राजस्थानात नाथद्वाऱ्याला तर श्रीनाथजींसमोर हात जोडून उभ्या असलेल्या कुटुंबाचं चित्र हाताने रंगवायचे आणि चेहरे तेवढे फोटोतले कापून चिकटवायचे. भक्ताला आपण देवासमोर उभे असल्याचा कागद घरी नेता येई. बांधलेला फोटो ही परदेशातून आलेली नवी टूम नाही, आपल्याकडे तो उंबरठ्यापर्यंत आलेला होता.

अप्पा_सांगली

पडदा होता, म्हाळसाताई. दल सरोवर, शिकाऱ्यासकट. बारीक शिसपेन्सिलने निगेटिव्हवर गालावरचे देवीचे व्रणही मी भरून काढलेत. पण गिऱ्हाइकाला तो पडदा आहे हे ठाऊक असे, मलाही ठाऊक असे. आम्ही त्याला कला म्हणत नव्हतो, ती सेवा होती.

म्हाळसा

मग आज ती कला म्हणून बघायला काय हरकत आहे? मला तरी त्या पडद्यात त्या माणसांची स्वप्नं दिसतात.

पालघरकर

आपल्याकडे कोण, असं ओवीताईंनी विचारलंय, तर आमच्याच भागातलं सांगतो.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यात बोहाडा होतो. जगदंबेचा उत्सव. रात्रभर संबळ वाजतो आणि देव, दानव, प्राणी यांची सोंगं एकामागून एक नाचत येतात. त्यासाठी लागणारे मुखवटे करणारे कारागीर आमच्याकडे आहेत. कागदाचा लगदा करून, साच्यावर थर चढवून, वाळवून, रंगवून. पूर्वी लाकडाचेही व्हायचे. जव्हारकडचे धर्मा कडू हे त्यातलं फार मोठं नाव. त्यांचे मुलगे सुभाष आणि भगवान कडू हेही तेच काम करतात.

दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल साधारण २०१५ पासून या लोकांबरोबर काम करू लागल्या. त्यांनी देवदानवांचे मुखवटे मागितले नाहीत. आजचं जगणं दाखवणारे नवे मुखवटे करा, असं त्यांचं म्हणणं होतं. मग प्राण्यांचे, पक्ष्यांचे, माणसांचे, वेगवेगळ्या भावनांचे मुखवटे तयार झाले. ते घालून कोकणा आणि वारली समाजातली ही माणसं रोजच्या जागी रोजचं काम करताना उभी राहिली. घराच्या ओट्यावर, दवाखान्यात, शेताच्या बांधावर, दुकानात.

यात कुठेही चमत्कार दाखवायचा आव नाही, ही गोष्ट मला फार आवडते. खांद्यावर पक्ष्याचं भलंमोठं डोकं, पण अंगात नेहमीचा शर्ट, पायात झिजलेल्या चपला, मागे सारवलेली भिंत आणि खुंटीला लटकणारी पिशवी. एरवी आदिवासी पाड्यावरचा फोटो म्हटला की बाहेरचा माणूस सुरकुतलेला चेहरा आणि पाणीदार डोळे शोधतो. इथे चेहराच दिसत नाही. त्यामुळे आपली नजर हातांकडे जाते, बसण्याच्या ढबीकडे जाते. बघणाऱ्याला दया दाखवायला जागाच उरत नाही. माझ्या गावच्या माणसांचे यापेक्षा मानाने काढलेले फोटो मी पाहिलेले नाहीत.

अप्पा, यात सापडलेलं किती आणि बांधलेलं किती, ते तुम्हीच सांगा. दवाखाना खरा, माणूस खरा, मुखवटा त्यांच्याच हातचा.

जर्सीकर

पालघरकर, अगदी मनातलं लिहिलंत. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मोमा पीएस१ या संग्रहालयात हे काम मांडलं होतं, तेव्हा मी पाहिलं. माझं आजोळ डहाणूचं. परदेशात संग्रहालयाच्या भिंतीवर ते कौलारू घर, ती लाल माती आणि जव्हारचं नाव बघून मी दुसऱ्या दालनात गेलेच नाही, तिथेच रेंगाळले. आजूबाजूचे लोक मुखवट्यांची अद्भुतता बघत होते आणि मी मागच्या पत्र्याच्या डब्यांकडे, कोपऱ्यातल्या केरसुणीकडे बघत होते. दोघांनाही त्या चित्रांत पुरेसं काही होतं.

मोबाइलवर हीच चित्रं नंतर पाहिली तर मुखवटा तेवढा दिसतो, केरसुणी दिसत नाही. ओवी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच, की शक्य तिथे मोठ्या छपाईत बघा.

शंकेखोर

काम चांगलं असेल, वाद नाही. पण कारागिरी त्यांची, चेहरे (म्हणजे मुखवटे) त्यांचे, गाव त्यांचं आणि नाव दिल्लीच्या बाईंचं, असं तर नाही ना? आदिवासी कलेचं आजवर हेच होत आलंय म्हणून विचारतो.

पालघरकर

प्रश्न रास्त आहे आणि विचारत राहिलाच पाहिजे. कडू बंधूंची आणि सहभागी कलाकारांची नावं गिल घेतात. त्यांचं दुसरं काम तर जोडनावानेच आहे. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासोबत २०१३ पासून चाललेलं. गंजाड म्हणजे ख्यातनाम वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं गाव, हे इथे सगळ्यांना माहीत असेलच.

ते काम असं, की गिल यांनी गंजाडच्या परिसराचे कृष्णधवल फोटो काढले. वांगड त्यांना जागा दाखवत होते आणि प्रत्येक जागेची हकीकत सांगत होते. इथे असं जंगल होतं, इथे पूर आला, हा देवाचा डोंगर. फोटोत मात्र नुसता उजाड माळ आणि चार झाडं. जे ऐकलं ते फोटोत उतरत नाही, हे गिल यांच्या लक्षात आलं. मग वांगड यांनी त्याच फोटोंवर शाईने वारली चित्रं काढली. आकाशभर, झाडांच्या फांद्यांमधून, दगडांवरून बारीक बारीक माणसं, जनावरं, पिकं, देव. फोटो एका क्षणाचा, रेखाटन कित्येक पिढ्यांचं. ही चित्रं दोघांच्या नावाने लागतात.

शंकेखोर

हे ठाऊक नव्हतं. धन्यवाद, समाधान झालं. पैशाची वाटणी कशी होते हा प्रश्न एकूणच कलाव्यवहाराला विचारायचा आहे, पण तो वेगळा धागा होईल.

ओवी

पालघरकर, जर्सीकर, काय सुंदर लिहिलंत! गिल यांना २०२३ चा प्री पिक्ते हा छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला, तो राजस्थानातल्या वाळवंटी गावांतल्या कामासाठी. त्यामुळे मी फक्त तेच शोधून पाहिलं होतं. जव्हारच्या मालिकेला बातम्यांत तेवढी जागा मिळालेली दिसली नाही.

नीलपक्षी

कॅमेराच नसलेल्या छायाचित्रांबद्दल लिहू का? मला त्याचं वेड आहे.

बिन्ह डान हे व्हिएतनाममध्ये जन्मलेले अमेरिकन कलाकार. ते झाडाच्या ताज्या पानावर फोटो उमटवतात. पानावर पारदर्शक फिल्म ठेवायची, वर काच, आणि उन्हात. ऊन लागतं तिथलं हरितद्रव्य फिकं होतं, झाकलेल्या भागात हिरवं राहतं. त्यांनी व्हिएतनाम युद्धातल्या माणसांचे चेहरे असे पानांवर आणले. शिरांमधून एक चेहरा आपल्याकडे बघतो. युद्ध ज्या झाडीत झालं तिच्यातच ती माणसं राहिली आहेत असं वाटतं.

आपल्या स्वयंपाकघरातही याची सोय आहे. हळद! साडीवर हळदीचा डाग पडला की आई म्हणते, धू आणि उन्हात टाक, जाईल. जातो, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. याच गुणावर फोटो छापता येतो.

हळदपूड स्पिरिटमध्ये कालवून थोडा वेळ ठेवायची आणि फडक्यातून गाळायची. जाड चित्रकलेच्या कागदावर रुंद ब्रशने एक-दोन हात द्यायचे. अंधारात वाळवायचा. वर मोगऱ्याची डहाळी, नेचं, जाळीदार पान, काहीही ठेवा. नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात पारदर्शक शीटवर फोटो छापून मिळतो तो ठेवा. काच दाबून चिमट्यांनी घट्ट बसवा आणि कडक उन्हात काही तास. उघड्या भागातला पिवळा उडतो. मग टाकणखाराच्या (बोरॅक्स) पाण्यातून कागद फिरवला की उरलेला पिवळा क्षणात तांबूस-तपकिरी होतो. साध्या पाण्यात खळबळून वाळवा.

तो रंग पालटतानाचा क्षण बघाच. मी कितीदा केलं तरी दरवेळी तोंडातून हुंकार निघतो.

रसायनवाले_सर

सुंदर. थोडी भर घालतो. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं आणि अल्कलीत लाल असतं. हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर, त्यातही टाकणखार किंवा चुना असतोच. म्हणजे नीलपक्षी यांच्या कागदावर शेवटी कुंकवाचीच क्रिया घडते.

वनस्पतींच्या रसावर छायाचित्रं उमटवण्याचे प्रयोग जुने आहेत. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली फुलांच्या आणि पानांच्या रंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो यावर निबंध लिहिला. निळ्या छपाईची सायनोटाइप पद्धतही त्यांचीच आणि त्याच वर्षीची. फरक लक्षात ठेवा. सायनोटाइपला निगेटिव्ह लागते, हळदीला सरळ पॉझिटिव्ह, कारण इथे ऊन रंग आणत नाही, घालवतं. शाळेत मुलांकडून हे करून घेतलं तर प्रकाशरसायनाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

म्हाळसा

सर, या उन्हाळ्यात आमच्या संकुलातल्या मुलांचं शिबिर आहे. हळद नक्की! नीलपक्षी, हे फोटो टिकतात का?

नीलपक्षी

नाही, हळूहळू विरतात. वहीत, अंधारात ठेवले तर बरेच दिवस राहतात. भिंतीवर लावू नका. मला ते विरणं आवडतं.

दुर्बीण

अवांतर होतंय, पण उन्हाचा विषय निघालाच आहे तर डब्यातल्या कॅमेऱ्याबद्दल लिहितो. पत्र्याच्या डब्याला सुईने बारीक भोक पाडायचं, आत कृष्णधवल छपाईचा फोटो कागद गुंडाळून लावायचा आणि डबा गच्चीच्या कठड्याला घट्ट बांधून महिनोन्‌महिने विसरून जायचं. सूर्य रोज एक कमान कोरतो. सहा महिन्यांनी उघडलं की कमानींचा डोंगर. कागद रसायनात घालायचा नाही, थेट स्कॅन करायचा.

इंग्लंडात हार्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेवर रेजिना वाल्कनबर्ग या विद्यार्थिनीने २०१२ मध्ये बिअरच्या डब्याचा असा कॅमेरा लावला होता. तो विसरला गेला आणि २०२० मध्ये सापडला. आठ वर्षांच्या सूर्याच्या २,९५३ कमानी एका कागदावर!

आपल्याकडे मात्र परदेशी सूचना जशाच्या तशा पाळू नका. त्यांचा सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, आपला येतो. पुणे-मुंबईला मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस असतो. म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून लावलेल्या डब्यात कमानी चढत चढत उन्हाळ्यात कागदाच्या वरच्या कडेबाहेर जातात आणि नंतर तर दुपारचा सूर्य उत्तरेला. शिवाय जून ते सप्टेंबर ढग. त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास डबा लावा आणि एप्रिलअखेर काढा. डबा थोडा वर कलता बांधा. भोकावर पाणी जाणार नाही असा आडोसा करा.

वाटसरू

आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. गच्चीवर तारेने बांधलेला बेवारस डबा सापडला तर आधी बॉम्बशोधक पथक येईल, मग सूर्य. :D

दुर्बीण

हाहा, डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून ठेवतो, "सूर्याचा फोटो चालू आहे, हलवू नये". आजवर कुणी हलवलेला नाही.

जर्सीकर

दुर्बीण, मायकेल वेझेली या जर्मन छायाचित्रकाराचं काम तुम्हाला आवडेल. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाची इमारत २००१ ते २००४ मध्ये नव्याने बांधली जात होती, तेव्हा त्यांनी कॅमेरे लावून तीन वर्षांच्या आसपास चालणारी एकेक छायाचित्रं घेतली. जुन्या भिंती धूसर, नव्या त्यांच्यातून उगवताहेत, वर सूर्याच्या रेषा. एकही मजूर दिसत नाही, कारण तेवढा वेळ कुणीच एका जागी उभं राहत नाही.

कोकणी_मेवा

सुईच्या भोकावरून आठवलं. आमच्या जुन्या घराच्या माजघरात दुपारी दार लावलं की फटीतून रस्ता भिंतीवर उलटा चालायचा. डोकं खाली, पाय वर करून सायकलवाला सरकत जायचा. लहानपणी आम्ही त्याला भुताटकी म्हणायचो. हंपीला विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली दाखवतात ती याच तत्त्वावर. अनेकांनी पाहिली असेल.

अबेलार्दो मोरेल नावाचे क्युबात जन्मलेले अमेरिकन छायाचित्रकार १९९१ पासून हेच करताहेत. हॉटेलची खोली पूर्ण अंधारी करायची, खिडकीवरच्या काळ्या कागदाला छोटं भोक, आणि बाहेरचं शहर पलंगावर, उशांवर, दाराच्या मुठीवर उलटं पसरतं. मग त्या खोलीचा कित्येक तासांचा फोटो. न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर त्यांनी असा हॉटेलच्या खोलीत आणलाय. अप्पा, इथे बघा, काहीच बांधलेलं नाही आणि काहीच सापडलेलंही नाही.

अप्पा_सांगली

मोरेल यांचं काम शोधून आताच पाहिलं. हे फोटोग्राफीचं मूळ आहे, इथे माझं डोकं टेकतं. गंजाडचंही पाहिलं, जव्हारचंही. जव्हारचे फोटो चांगले आहेत, त्यातला प्रकाश साधा, उगाच दिवे लावलेले नाहीत. निळ्या खोलीतल्या माशांबद्दल माझं मत तेच आहे. कारागिरीला दाद, पण ते मला परकं वाटतं.

टेकसॅव्ही

संपूर्ण धागा वाचला. प्रामाणिक प्रश्न आहे. आज निळी खोली आणि केशरी मासे असं दोन ओळींत लिहिलं की एआय मिनिटभरात चाळीस चित्रं काढून देतं. मग माती मळून मासे करायची गरज काय? बघणाऱ्याला शेवटी चित्रच दिसतं ना?

शंकेखोर

२०२३ मध्ये हेच झालं की. बोरिस एल्डागसेन या जर्मन छायाचित्रकाराने सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेत एआयने बनवलेलं चित्र पाठवलं. जुन्या काळातल्या दोन बायकांचा फोटो वाटावा असं. ते एका विभागात निवडलंही गेलं. मग त्याने पुरस्कार नाकारला आणि सांगितलं, ही छायाचित्रं नव्हेत, यांना वेगळी जागा द्या. स्पर्धा अशा चित्रांसाठी तयार आहेत का, हे त्याला पाहायचं होतं.

ओवी

टेकसॅव्ही, यावर मी बरेच दिवस विचार करतेय म्हणून नीट लिहिते.

स्कोग्लंड यांच्या माशांकडे जवळून पाहिलं तर एक मासा दुसऱ्यासारखा नाही. कुणाची शेपटी जाड, कुणाचं तोंड किंचित वाकडं, टांगलेला एक जरा कलता. त्या पलंगावर मुलगा खरोखर बसला होता, त्याच्या पायांखालची जमीन खरी होती. माशाची सावली भिंतीवर जिथे पडायची तिथेच पडली, बाईंना ती हवी असो वा नसो. कल्पना त्यांची, पण जगाने तिला विरोध केला, आकार दिला, जागोजाग थोडं वळवलं. तो झगडा चित्रात उरतो. जव्हारमध्येही तेच. मुखवटा जड असतो, तो घालून माणूस मान कशी धरतो ते आधी कुणीच लिहून देऊ शकत नाही. थॉमस डेमांड हे जर्मन कलाकार कागद-पुठ्ठ्याची पूर्ण आकाराची खोली बांधतात, फोटो काढतात आणि खोली मोडून टाकतात. पहिल्यांदा बघताना ते साधं कार्यालय वाटतं. मग ध्यानात येतं की कागदांवर अक्षरं नाहीत, टेबलावर ओरखडा नाही, आणि अंगावर काटा येतो. तो काटा येतो, कारण तिथे खोली होती.

एआयची चित्रं वाईट असतात असं मी म्हणत नाही. मला त्यांच्याबद्दल प्रश्न पडत नाहीत, एवढंच. हे कसं केलं असेल, किती जण राबले असतील, तो मुलगा किती वेळ हलला नसेल, यातलं काही मनात येत नाही. आणि मला छायाचित्र बघताना नेमकं तेच हवं असतं.

टेकसॅव्ही

सावलीचा मुद्दा पटला. चाळीस चित्रांमध्ये निवड करतानाही कस लागतो, हे माझं म्हणणं तरी मी सोडत नाही. :)

म्हाळसा

एक नाव राहतंय, बंगळुरूच्या पुष्पमाला एन. त्या स्वतःच चित्रात उभ्या राहतात. क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ मध्ये केलेल्या मालिकेत त्या रविवर्म्याची लक्ष्मी झाल्या आहेत. रंगवलेला पडदा, कमळ, हत्ती, दागिने, सगळा थाट. रविवर्म्याचा छापखाना आधी गिरगावात आणि मग मळवलीला होता. तिथून निघालेली ती लक्ष्मी आपल्या प्रत्येकाच्या देवघरावर नाहीतर किराणा दुकानात होतीच. तिच्या जागी एक हाडामांसाची, वय झालेली बाई उभी राहिली की कमळावर उभं राहणं किती अवघड आहे ते पहिल्यांदा जाणवतं. त्याआधी १९९६ ते १९९८ मध्ये त्यांनी मुंबईत मुखवटाधारी साहसी नायिकेची कृष्णधवल मालिका केली, जुन्या हिंदी स्टंटपटांच्या धाटणीची. ती बघताना तर शिट्टी वाजवावीशी वाटते.

वाटसरू

+१. मूळ प्रश्नाकडे येतो, बघायचं कुठे? नावं शोधून घरी बसून पाहतोय, पण जर्सीकर म्हणतात तसं समोर बघायचंय.

ग्रंथपाल

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात पिरामल दालन खास छायाचित्रांसाठी आहे. काळा घोड्याला जहांगीर कलादालनाच्या गच्चीवरच्या दालनात छायाचित्रं लागतात, समोरच्या भागात मॅक्सम्युलर भवनाचं दालन आहे. दर्जा वरखाली होतो, पण महिन्यातून एक फेरी मारली तर काहीतरी हाती लागतंच. बंगळुरूला गेलात तर कस्तुरबा रस्त्यावरचं 'मॅप' हे कला आणि छायाचित्र संग्रहालय चुकवू नका, २०२३ मध्ये इमारत सुरू झाली. कोची बिएनाले या कलाप्रदर्शनात आणि पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात छायाचित्रांना चांगली जागा असते. जरा लांब जायची तयारी असेल तर ढाक्याचा छबी मेळा हा छायाचित्र महोत्सव, तो २००० पासून भरतो.

पण माझा खरा सल्ला आहे पुस्तकांचा. आजचे अनेक छायाचित्रकार पुस्तक हेच प्रदर्शन मानतात. दयानिता सिंग यांचं २०१७ चं म्युझियम भवन म्हणजे एक खोका आहे. आत घडीची नऊ छोटी पुस्तकं. उलगडून टेबलावर उभी केली की घरात प्रदर्शन तयार, कुठलं कुठल्या शेजारी ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं. सोहराब हुरा यांच्या द कोस्टमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, दरवेळी थोडी बदललेली, आणि तिच्यामुळे पुढची छायाचित्रं प्रत्येक वेळी वेगळी दिसतात. हे पडद्यावर सरकवून कळत नाही. पुस्तकं महाग असतात हे खरं. म्हणून चौघांनी मिळून घ्यावीत आणि फिरवावीत. आमच्या गटात आम्ही असंच करतो, आणि पुस्तक परत देताना एक पान आवडीचं का, ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवतो.

कोकणी_मेवा

चिठ्ठीची कल्पना झकास. पुण्यात असा गट करायला मी तयार आहे. इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ओवी

मी आहे! म्युझियम भवनचा खोका माझ्याकडे आहे, पहिली भर माझी.

दुर्बीण

मीही. पालघरकर, बोहाडा बघायला आलो तर चालेल का? कॅमेरा घेऊन?

पालघरकर

जरूर या. उन्हाळ्यात असतो, गावागावाच्या तिथी वेगळ्या. दोन गोष्टी सांगून ठेवतो. सोंग निघण्याआधी मुखवट्याची पूजा होते, तेव्हा विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. आणि फ्लॅश अजिबात नको, नाचणाऱ्याला मुखवट्याच्या बारीक भोकांतून आधीच जेमतेम दिसतं. फोटो काढलेत तर छापून पाठवा, मोबाइलवर दाखवून जाऊ नका. मागच्या वेळी आलेल्या एकांनी पाठवलेले छापील फोटो लोकांनी अजून घरात लावलेले आहेत. आमच्या बाजूच्या तारखा ठरल्या की इथेच लिहितो.